आईच्या पोटॅशियमचे दोन रिपोर्ट, लॅब कशी निवडू?

भांडुपकर:
नमस्कार. आई ७१ वर्षांची, बीपी आणि शुगर दोन्ही. घराजवळच्या सरकारी दवाखान्यात रक्त दिलं. तिथे लॅब नाही, बाहेरच्या लॅबचा मुलगा येऊन नमुने नेतो. रिपोर्टात पोटॅशियम ६.१, म्हणजे धोक्याइतकं जास्त! डॉक्टरांनी बीपीची टेल्मिसार्टन ही गोळी लगेच थांबवली, तिने पोटॅशियम वाढू शकतं म्हणून. दुसऱ्या दिवशी सायन हॉस्पिटलला नेऊन परत तपासलं तर ४.५, म्हणजे नॉर्मल. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) दोन्हीकडे सारखंच. मधली रात्र घरात कुणी झोपलं नाही. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, "लॅब एनएबीएलची आहे." म्हणजे लॅबचा दर्जा तपासून मानांकन देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे. मग असं कसं? आणि सरकारी तपासण्या करणाऱ्या लॅबना हे मानांकन सक्तीचं असतं ना? दर तीन महिन्यांनी तपासायचं आहे, पुढच्या वेळी कुठे जाऊ?

परळची_सुमन:
मी ३१ वर्षं लॅब टेक्निशियन होते. आधी हे विचारा की रक्त किती वाजता काढलं आणि लॅबला किती वाजता पोचलं. सिरम (रक्ताचा वरचा पातळ भाग) वेगळं न करता रक्त तसंच बर्फाच्या डब्यात चार-पाच तास राहिलं, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटलेल्या नसतात, सिरम लाल दिसत नाही, त्यामुळे मशिनवर बसलेल्यालाही शंका येत नाही. क्रिएटिनिन इतक्या वेळात फारसं हलत नाही, म्हणून ते जुळलं. साखरेचं उलट होतं, फ्लोराइडची राखाडी झाकणाची बाटली नसेल तर ती कमी होत जाते. मशीन बरोबर आणि आकडा चूक, हे मी कितीदा पाहिलंय. पोटॅशियमपुरतं तरी जिथे रक्त काढतात तिथेच तपासतात अशा ठिकाणी जा. भांडुपहून सायन लांब पडतं, पण तिथे मेडिकल कॉलेज आहे, पॅथॉलॉजिस्ट जागेवर असतात.

कायद्याचं_बोला:
सक्तीचं नाही. आपल्याकडे एनएबीएल मानांकन ऐच्छिक आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे चालतो तो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा, त्यात लॅब येत नाहीत. रिपोर्टावर सही मात्र पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. तुमच्या रिपोर्टावर कुणाची सही आहे ते बघा.
दुसरं, मानांकन त्या पत्त्याला आणि ठरावीक टेस्टना मिळतं, अख्ख्या कंपनीला नाही. एनएबीएलच्या साइटवर लॅबचं नाव टाकलं की 'स्कोप' उघडतो, त्यात टेस्टची यादी असते.

मेलबर्नहून_मीरा:
इथे ऑस्ट्रेलियात १९८६ पासून सक्ती आहे. लॅबला मानांकन नसेल तर मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्य विमा योजना) त्या टेस्टचे पैसेच देत नाही. सरकारी पैसा जिथे जातो तिथे अट घालणं सगळ्यात सोपं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडेही ही अट टेंडरमध्ये घालता येईल.

वाड्याचा_माणूस:
अट घाला, पण तालुक्याच्या छोट्या लॅबचाही विचार करा. आमच्याकडची एक बंद झाली तर रक्त द्यायला लोकांना पूर्ण दिवसाची मजुरी सोडावी लागते.

परळची_सुमन:
खरं आहे. म्हणूनच एनएबीएलने २०१९ मध्ये छोट्या लॅबसाठी सुरुवातीची सोपी पायरी काढली. आणि खर्चाचं म्हणाल तर वेल्लोरच्या सीएमसीचे तुलनेचे नमुने छोट्या लॅबही घेतात. महिन्याला एक अनोळखी नमुना तपासायचा आणि आपला आकडा बाकीच्यांच्या तुलनेत कुठे बसतो ते बघायचं. भांडुपकर, लॅबला विचारा, "तुम्ही ईक्यूएएस करता का?" म्हणजे हीच बाहेरच्या नमुन्यांची तुलना. करणारा लगेच कागद दाखवतो.

भांडुपकर:
सगळ्यांचे आभार. साइटवर पाहिलं. मानांकन त्यांच्या मुख्य लॅबचं आहे, आमच्या रिपोर्टावर शाखेचा पत्ता आहे आणि तो यादीत नाही. रिपोर्टावर एनएबीएलचं चिन्हही नाही, आधी लक्षातच आलं नव्हतं. सिस्टरना वेळ विचारली. रक्त साडेआठला काढलं आणि मुलगा एकच्या पुढे आला. डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवले, त्यांनी गोळी परत सुरू केली. पोटॅशियम सायनलाच करणार, बाकीचं इथे. नमुने दोनदा उचलावेत आणि काढल्याची वेळ रिपोर्टावर छापावी, असा अर्ज लिहिलाय. सोमवारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना देतो.