सोबतीचा खर्च चैनीचा की गरजेचा?

प्रश्न (एक बहीण):
माझ्या धाकट्या भावाला बौद्धिक अक्षमता आहे. तो आता प्रौढ आहे आणि पोहायला, नाटकाला, मित्रांना भेटायला जाणे त्याला मनापासून आवडते; मात्र एकट्याने प्रवास करता येत नसल्यामुळे प्रत्येक वेळी भाडे आणि प्रवेशशुल्क दोघांचे भरावे लागते, शिवाय सोबत येणाऱ्याचे मानधन वेगळेच. आईवडील थकल्यापासून हा भार माझ्यावर आहे. हिशेब जुळेनासा झाला की सर्वांत आधी त्याचेच बाहेर जाणे रद्द होते आणि तो चपला घालून दाराशी बसून राहतो. ते पाहवत नाही. हा खर्च चैनीचा मानावा की गरजेचा?

उत्तर १ (सामाजिक कार्यकर्ता):
गरजेचाच. अपंगत्वामुळे कमाई घटते, आणि हाती आलेल्या तेवढ्याच पैशांत इतरांसारखे जगताही येत नाही, हा भेद अमर्त्य सेन यांनी स्पष्ट केला आहे; आपण सांगता तो दुसरा प्रकार, आणि तो बहुधा घरच्यांच्याच माथी येतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचे कलम १९ समाजात राहण्याचा व सहभागी होण्याचा हक्क मान्य करते, तर कलम २८ गरिबीत राहणाऱ्या अपंग व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबांना अपंगत्वामुळे होणाऱ्या खर्चासाठी शासनाचे साहाय्य मिळावे असे सांगते. सोबत्याला विनाशुल्क प्रवेश मिळावा, अशी लेखी मागणी प्रत्येक ठिकाणी अवश्य करावी.

उत्तर २ (एक आई):
माझी मुलगी अर्धवेळ काम करते. अधिक तास काम केले तर साहाय्य बंद होईल, या भीतीने आम्ही तिला थांबवले, याची मला आजही खंत वाटते. खाते उघडताना बँकेतील कर्मचारी तिच्याकडे न पाहता माझ्याशीच बोलत राहिले. वास्तविक त्याच कराराचे कलम १२ स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा समान हक्क देते. आता तिच्या पैशांतला काही भाग तिच्याच पाकिटात असतो आणि तो कशावर खर्च करायचा हे तीच ठरवते. ताई, काय रद्द करायचे हे आपण भावाला कधी विचारले आहे का?

प्रश्नकर्तीचे उत्तर:
नाही, विचारले नव्हते. काल विचारले. नाटक एखादे चुकले तरी चालेल, पण मित्रांची भेट चुकवायची नाही, असे त्याने लगेच सांगितले.