सुगंधी पाईप तंबाखू: वास गोड येतो, मग चव तोंडात का उतरत नाही?

प्रश्न (राजारामपुरीकर):
नमस्कार. काही महिन्यांपासून मी ब्रायरच्या लाकडाचा पाईप ओढतो आहे. परदेशातून आलेल्या मित्राने व्हॅनिला आणि चेरीची मिश्रणे दिली. पाकीट उघडताच वास दरवळतो, गच्चीवर शेजारी बसलेल्यांनाही धूर गोड वाटतो. मात्र माझ्या तोंडात व्हॅनिलाचा मागमूस नसतो, उलट पाईपची तंबाखू भरायची वाटी अर्धी संपेपर्यंत जीभ चुरचुरते, दांड्यात पाणी खुळखुळते आणि तळाशी ओला चोथा उरतो. यापुढे कोणते मिश्रण घ्यावे? एकाच पाईपमध्ये वेगवेगळे स्वाद चालतात का? शिवाय विडीच्या तंबाखूचे निपाणी आमच्या कोल्हापूरपासून जेमतेम ४० किलोमीटरवर आहे. तेथील तंबाखू गुळाच्या पाण्यात मुरवून घरीच मिश्रण करता येईल का?

उत्तर (शाहूपुरीतील सभासद):
स्वाद दोन टप्प्यांत दिला जातो. पाने कापण्यापूर्वी त्यांना साखर, ज्येष्ठमध, कोको अशा पदार्थांचे द्रावण पाजतात, त्याला केसिंग म्हणतात. कापल्यानंतर वरून व्हॅनिला, चेरी किंवा रमचा अर्क फवारतात, ते टॉप ड्रेसिंग. पाकिटातून दरवळतो तो प्रामुख्याने हा वरचा अर्क, आणि तो उडून जाणारा असल्याने विस्तवाजवळ फार काळ टिकत नाही. शेजाऱ्याचे नाक ताजे असते, ओढणाऱ्याचे धुराला सरावते, म्हणून दोघांचा अनुभव वेगळा होतो.

तोंडात जी चव उतरते ती मुळात पानाची. बर्ली ही तंबाखूची जात हवेत सावकाश वाळते, त्या काळात तिच्यातील साखर जवळजवळ संपते, आणि पान सच्छिद्र असल्याने ते केसिंग भरपूर शोषते. व्हर्जिनिया ही दुसरी जात भट्टीच्या उष्णतेत वाळवतात, त्यामुळे तिची स्वतःची साखर शिल्लक राहते. ब्लॅक कॅव्हेंडिश हे वाफ देऊन काळे केलेले पान असते. ते सौम्य असते आणि दिलेला स्वाद सहज धरते, परंतु त्याची स्वतःची चव थोडी. माझे मत असे की आपण आता हलका स्वाद दिलेले, व्हर्जिनिया आणि बर्ली अधिक असलेले मिश्रण घ्यावे. चेरीपेक्षा त्यात आपल्याला नक्कीच जास्त काही सापडेल.

जिभेच्या चुरचुरीचे कारण बहुधा ओलावा आहे. अनेक सुगंधी मिश्रणांत ओल टिकवण्यासाठी प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. असा तंबाखू विझत राहतो, मग आपण जोरात ओढतो आणि गरम वाफ जिभेवर येते. भरण्यापूर्वी तासभर कागदावर पसरावा. चिमूट दाबून सोडल्यावर ती सावकाश उलगडली तर तंबाखू तयार आहे, गोळा तसाच राहिला तर नाही.

उत्तर (रंकाळा परिसरातील सभासद):
पाईपविषयी एवढेच सांगतो की ब्रायर वास धरून ठेवतो. चेरीसारखे तीव्र स्वाद आणि धुरावर वाळवलेला लाटाकिया तंबाखू यांचा वास पुढच्या कित्येक वाट्यांत येत राहतो, म्हणून नवी मिश्रणे पारखण्यासाठी मक्याच्या कणसाचा स्वस्त पाईप वेगळा ठेवावा. अमेरिकेतील मिझुरीत असे पाईप १८६९ पासून बनतात. प्रत्येक वेळी दांड्यातून पाईप क्लीनर फिरवावा.

उत्तर (कागल येथील सभासद):
गुळाचा प्रयोग कृपया करू नका. निपाणीचा तंबाखू विडीसाठी पिकवतात. तो उन्हात वाळवलेला, कडक आणि निकोटिनने भरलेला असतो, पाईपच्या मोठ्या वाटीत तो झेपणार नाही. गुळाचे पाणी लावलेल्या पानाला आपल्या पावसाळी हवेत बुरशी धरते, आणि ते जळताना वाटीत चिकट कीट साचते. आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो: धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतो, आणि बर्लीच्या धुरातील निकोटिन तोंडाच्या त्वचेतूनही शोषले जाते. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

राजारामपुरीकर:
सर्वांचे आभार. गुळाचा विचार सोडला, आणि कणसाचा पाईप मागवतो. मात्र आषाढात कागदावर पसरलेला तंबाखू वाळेल का?

शाहूपुरीतील सभासद:
नुसता पसरून वाळणार नाही. लागेल तेवढाच काढून टेबलावरच्या तापणाऱ्या, जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बच्या दिव्याखाली थोडा वेळ ठेवावा आणि अधूनमधून चिमूट तपासावी. उरलेला काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत राहू द्यावा.