नागिणीनंतरचं दुखणं: नर्व्ह ब्लॉकनंतर पुढे काय? अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारतेय. वय ७१, मधुमेह, गेल्या वर्षी स्टेंट घातलाय म्हणून क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू. दिवाळीच्या सुमारास डाव्या बरगडीवर नागीण उठली. फोड खपल्या धरून गेले, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. तीन महिन्यांपुढे गेल्यावर डॉक्टरांनी पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया (नागिणीनंतर मागे राहणारं नसेचं दुखणं) असं निदान केलं.

सारखी आगआग आणि मधूनच सणसणून कळ. गंमत म्हणजे हाताने घट्ट दाबून धरलं तर चालतं, पण नुसता पदर घासला की जीव जातो. घरात बाबांचा जुना बनियन उलटा करून घालते, शिवण टोचू नये म्हणून. पंखा बंदच.

नसेच्या दुखण्यावर प्रीगाबालिन ७५ मिग्रॅ दोनदा आणि रात्री नॉरट्रिप्टिलीन चालू आहे. प्रीगाबालिन वाढवलं की पाय सुजतात, गुंगी येते, बाथरूमला जाताना तोल जातो. उद्या पडून खुबा मोडला म्हणजे? लिडोकेनच्या (जागा बधिर करणाऱ्या औषधाच्या) पट्टीने बरं वाटतं, पण ती दिवसातून १२ तासच लावायची, आणि खर्च परवडत नाही.

मिरजेला पेन क्लिनिकमधल्या भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीवर बघून बरगडीखालच्या नसेला ब्लॉक (नसेपाशी इंजेक्शन) दिला, भुलीचं औषध आणि स्टिरॉइड मिळून. त्या रात्री आई सलग झोपली! पण स्टिरॉइडमुळे साखर चढली, ती चार-पाच दिवस आटोक्यात येईना, आणि महिन्याच्या आत दुखणं होतं तिथेच.

आता ते पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी सुचवतायत. त्यात नस जाळत नाहीत, सुईच्या टोकाचं तापमान ४२ अंशांच्या आत ठेवून थांबून थांबून लहरी सोडतात. अडचण अशी, की सुई मणक्याजवळ जाणार, तिथे रक्तस्राव नको, म्हणून क्लोपिडोग्रेल आठवडाभर बंद करा म्हणतात. हृदयाचे डॉक्टर तर स्टेंटला वर्षही झालं नाही, गोळीला हात लावायचा नाही म्हणतात. दोघांनी एकमेकांशी बोलावं तर आम्हालाच चिठ्ठ्या घेऊन पळवतात.

कुणाच्या घरी असा पेच पडला होता का? रेडिओफ्रिक्वेन्सी पुढे ढकलून मधल्या काळात पुन्हा ब्लॉक घेतला का, स्टिरॉइड कमी करून किंवा न घालता देतात का, आणि आराम किती टिकला? टेन्सच्या (त्वचेवरून हलका विजेचा प्रवाह देणाऱ्या) यंत्राचा घरी उपयोग झाला असेल तर तेही सांगा.

गेरूचा लेप आणि नागिणीची तोंडं जुळण्याच्या गोष्टी कृपया नकोत, त्या गल्लीतून रोज फुकट मिळतात.