एमएस प्रोजेक्ट (नियोजनाचं सॉफ्टवेअर) म्हणतं ५० टक्के, एमबी (मोजमाप वही) म्हणते २५. दगडाच्या मोजमापावरून प्रगती कशी दाखवायची?

बंधाऱ्यावरची:
नमस्कार. देवगड तालुक्यात धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या कामावर मी साइट इंजिनिअर आहे. प्लॅनिंगला वेगळा माणूस नाही, म्हणून बारचार्टही, म्हणजे कामांच्या तारखांचा तक्ताही, माझ्याकडेच. आर्मर दगड (लाटांचा मार घेणारे मोठे दगड) बसवणे ही एक ॲक्टिव्हिटी आहे. बीओक्यूप्रमाणे (कामांची परिमाणं आणि दर यांची यादी) ४,६०० घनमीटर, मुदत कामाचे ४० दिवस, सुट्टी फक्त रविवारची. होळीच्या दोन-तीन दिवस आधी सुरू केलं, पाडवा होऊन गेल्यावर २० दिवस भरले.

दगड मी मटेरियल रिसोर्स म्हणून घातला होता, लेबल 'घमी' (घनमीटर), युनिट ४,६००. बैठकीच्या आदल्या रात्री पर्सेंट कम्प्लीटमध्ये ५० भरलं, कारण निम्मे दिवस झाले होते. टास्क युसेजची (कामागणिक रिसोर्सचे आकडे दाखवणाऱ्या तक्त्याची) प्रिंट काढली आणि सही करून दिली. बैठकीत ज्युनिअर इंजिनिअरांनी एमबी उघडली. सेक्शन घेऊन केलेलं मोजमाप १,१५०. माझ्या कागदावर दगडापुढे ॲक्च्युअल वर्क २,३००. तो आकडा मी भरलेलाच नव्हता! "बाकीचा दगड कुठे आहे, मॅडम?" असं साहेबांनी विचारलं. काय सांगणार? तो दगड साइटवर आलेलाच नव्हता आणि कागदाखाली सही माझी होती. मला हे फार लागलंय.

प्रत्यक्ष बसलेल्या दगडावरून टक्के दिसतील, असं या सॉफ्टवेअरमध्ये कसं करायचं?

खडी_ग्रिट:
ताई, सरळ एक्सेलला ठेवा. आम्ही डीपीआर (रोजचा प्रगती अहवाल) एक्सेलमध्येच करतो, बारचार्ट फक्त दाखवायला.

जेटीवरचा_प्लॅनर:
एक्सेलमध्ये झालेलं काम कळेल, पण पुढच्या कामांच्या तारखा सरकणार नाहीत. पावसाच्या आत संपवायच्या कामाला त्या तारखाच हव्यात.

मॅडम, आधी २,३०० कुठून आले ते सांगतो. एमएस प्रोजेक्टमधला पर्सेंट कम्प्लीट हा दिवसांचा हिशोब आहे, झालेले दिवस भागिले एकूण दिवस. तुम्ही ५० भरलंत, त्याने जोडलेल्या मटेरियलचाही निम्मा भाग 'झाला' म्हणून मांडला. ऑप्शन्समध्ये शेड्यूलखाली 'अपडेटिंग टास्क स्टेटस अपडेट्स रिसोर्स स्टेटस' अशी खूण असते. ती काढा, म्हणजे दगडाचा आकडा तुम्ही भराल तेवढाच राहील. पर्सेंट वर्क कम्प्लीटवरही विसंबू नका, त्यात माणसं आणि मशीन धरतात, मटेरियल धरत नाहीत.

आता परिमाणाचं. नंबर१ मध्ये बीओक्यूचं परिमाण, नंबर२ मध्ये एमबीला चढलेलं, आणि नंबर३ ला सूत्र: नंबर२ भागिले नंबर१ गुणिले १००. तुमचे २५ तिथे येतील. तोच आकडा फिजिकल पर्सेंट कम्प्लीटच्या रकान्यात हाताने भरायचा, तिथे सूत्र चालत नाही. टास्कची अर्न्ड व्हॅल्यू मेथडही (झालेल्या कामाचं मूल्य काढायची पद्धत) 'फिजिकल' करा. ऑप्शन्समध्ये बदललंत तर ते फक्त नव्या टास्कना लागतं, जुन्यांना वेगळं द्यावं लागतं. वरच्या समरी ओळीला परिमाणांची बेरीज लावण्याआधी एकक बघा. दगडाचे घनमीटर आणि फिल्टर कापडाचे चौरस मीटर एकत्र करून काही कळत नाही, तिथे बीओक्यूच्या रकमेचं वजन द्या.

फिजिकल पर्सेंटने तारीख मात्र हलत नाही, आणि इथेच बरेच जण अडकतात. २० दिवसांत १,१५० म्हणजे दिवसाला ५७.५. उरले ३,४५०, म्हणजे ६० दिवस. ॲक्च्युअल ड्युरेशन २०, रिमेनिंग ६० भरा. पर्सेंट कम्प्लीट २० भागिले ८० होऊन आपोआप २५ वर येईल आणि पुढची साखळी खरी तारीख दाखवेल.

घाटमाथा_ते_बंदर:
प्रायमव्हेरा पी६ (नियोजनाचं दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी: तिथेही हाच खड्डा आहे. युनिट्स पर्सेंट कम्प्लीटमध्ये लेबर आणि नॉनलेबरच (माणसं आणि मशीन) धरतात, मटेरियल नाही. आम्ही परिमाणासाठी नॉनलेबर रिसोर्स करतो, नाहीतर फिजिकल ठेवून स्टेप्सना वजन देतो.

बंधाऱ्यावरची:
प्लॅनर सर, मनापासून आभार. रात्रीच भरून बघितलं, २५ आले. पण दिवसाला ५७.५ हा दर मला पटत नाहीये. पायथ्याचा दगड फक्त उधाणाच्या ओहोटीत बसतो. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत पायथ्यावरचं पाणी हटतच नाही, तेव्हा आम्ही वरच्या उतारावर असतो.

शिवाय वजनकाट्याच्या पावत्यांची बेरीज २,६५० टन येते. पोकळ्या धरून आमच्याकडे घनमीटरला १.६ टन बसतो, म्हणजे १,१५० ला १,८४० टनच लागले. थोडा दगड रस्त्याकडेला रचलेला आहे. बाकीच्याचं पोकलेनवाले काका म्हणतात, "मॅडम, दगड रेवेत गेलो." खरंच, होळीच्या उधाणात बसवलेला पायथा मोजला तर वीतभर खाली गेलाय.

जेटीवरचा_प्लॅनर:
मग एक ॲक्टिव्हिटी ठेवूच नका, दोन करा. पायथा आणि वरचा उतार. पायथ्याला वेगळं कॅलेंडर: सगळे दिवस बंद, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे पाच-पाच दिवसच चालू. ते टास्क इन्फर्मेशनमध्ये ॲडव्हान्स्डखाली लावा. पावत्यांचे टन प्रगतीत धरू नका, आलेला माल वेगळ्या रकान्यात. आणि खचलेला भाग आजच फोटो-लेव्हलसह लेखी कळवा. तो दगड पुन्हा भरावा लागणार आहे, बिलात तो कुठे धरायचा हे आत्ताच ठरू द्या.

बंधाऱ्यावरची:
केलं. पायथा १,४०० पैकी ६५०, दोन उधाणांच्या १० दिवसांत, म्हणजे दिवसाला ६५. वरचा उतार ३,२०० पैकी ५००, उरलेल्या १० दिवसांत, म्हणजे ५०. पायथ्याचे ७५० उरले, १२ दिवस: हनुमान जयंतीच्या पौर्णिमेचे पाच, चैत्री अमावास्येचे पाच, बुद्ध पौर्णिमेचे दोन. वरच्या उताराला एका पोकलेनने ५४ दिवस. एकच मशीन दोन्हीकडे फिरवलं तर ६६, म्हणजे थेट जूनचा पहिला आठवडा, आणि तेव्हा समुद्र काही करू देत नाही.

दुसरा पोकलेन वरच्या उतारालाच लावला, तर पायथा तयार होईल तसं त्याच्या मागोमाग वरचं काम चालेल आणि भांगाच्या दिवसांत दोन्ही मशीन वर राहतील. तसं करून बारचार्ट मे अखेरच्या आत येतोय. खचल्याचं पत्र सकाळीच दिलं. आज दोन्ही बारचार्ट, एका मशीनचा आणि दोनचा, एमबीच्या पानांच्या झेरॉक्ससह ठेकेदारांसमोर ठेवले. त्यांनी परिमाणाचा रकाना बोट ठेवून वाचला आणि मशीनसाठी फोन लावला. हनुमान जयंतीच्या आधी यायला हवं. आलं की इथे कळवते.