मदत हवी: जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकल्यापासून अक्षरं फुगलेली दिसतात (इंटेल जी३१, व्हीजीए मॉनिटर)

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहिते आहे. प्रश्न थोडा लांब आहे, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाच परत परत विचारावं लागेल, म्हणून सगळं लिहिते.

कॉम्प्युटर बाबांचा आहे. ते भंडारा जिल्ह्यात शिक्षक होते, निवृत्तीनंतर झाडीबोलीचे (पूर्व विदर्भातल्या बोलीचे) शब्द जमवतात. लिबर ऑफिसमध्ये दोन रकाने केलेत, डावीकडे झाडी आणि उजवीकडे प्रमाण मराठी. झाडीत 'ण'चा 'न' होतो, म्हणजे डावीकडे 'पानी' आणि उजवीकडे 'पाणी'. एवढाच फरक नीट दिसला नाही तर सगळी मेहनत वाया. त्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. परवा म्हणाले, "हे अक्षरं असे काऊन फुगले?" तेव्हापासून मी मागे लागले आहे.

मशीन: इंटेल जी३१ चिपसेटचा बोर्ड, कोअर टू डुओ, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर साडेअठरा इंची, मूळ रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८, जोडायला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीची केबल). एप्रिलमध्ये जुनं विंडोज ७ सुरूच होईना, म्हणून बर्डीतल्या एका दुकानात लिनक्स मिंट २१.३ एक्सएफसीई (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) टाकून घेतलं. त्याच आठवड्यात खिडकीत कूलर बसवला. सीपीयूवर पाण्याचे तुषार नकोत म्हणून सीपीयूच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला आणि मॉनिटरपर्यंत पोचायला लांब केबल आणली.

तेव्हापासून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ हा एकच पर्याय येतो. उंची बरोबर, पण रुंदी ताणलेली. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. पान वरखाली केलं की अडखळतं, व्हिडिओ तर बघवत नाही. 'सीव्हीटी' कमांडने मोडलाइन (हव्या त्या रिझोल्यूशनचे आकडे) काढून ती स्क्रीनची सेटिंग बदलणाऱ्या 'एक्सरँडर' कमांडला द्यायचा प्रयत्न केला, तर 'फेल्ड टू गेट साइझ ऑफ गॅमा फॉर आउटपुट डिफॉल्ट' असं येतं आणि पुढे काहीच होत नाही. दुकानातला मुलगा म्हणतो मशीन म्हातारं झालं, नवीन घ्या. मला ते पटत नाही, विंडोजवर हेच मशीन आणि हाच मॉनिटर स्वच्छ दिसत होता. कुठून तपासायला सुरुवात करू?

प्रतिसाद १

ताई, मशीन ठीक आहे, फेकू नका. तुमच्या एररमधलं 'आउटपुट डिफॉल्ट' महत्त्वाचं. इंटेलचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारा प्रोग्रॅम) चालू असता तर तिथे 'व्हीजीए-१' असं नाव दिसलं असतं. 'डिफॉल्ट' दिसतंय म्हणजे इंटेलचा 'आय९१५' हा ड्रायव्हर कामालाच लागलेला नाही, बायोसने दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर (स्क्रीनचं चित्र ठेवायच्या मेमरीवर) काम चाललंय. त्यावर रिझोल्यूशन बदलत नाही आणि चित्र काढायचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं, म्हणून अडखळतं.

बहुतेक वेळा याचं कारण 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हरला स्क्रीनचा मोड ठरवू न देणारा पर्याय) असतं. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडू नये म्हणून बरेच जण तो पर्याय सरसकट टाकतात आणि मग काढायचं विसरतात. टर्मिनलमध्ये 'कॅट'ने 'प्रॉक'मधली 'सीएमडीलाइन' फाइल उघडून बघा. तो शब्द दिसला तर 'एटसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरमध्ये 'ग्रब' (कॉम्प्युटर चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) नावाची फाइल आहे, तिच्यातून फक्त तो शब्द काढा, मग 'सुडो अपडेट-ग्रब' आणि रीस्टार्ट. स्क्रीन काळी पडलीच तर घाबरू नका. ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून तो शब्द तेवढ्या वेळेपुरता परत घालता येतो.

धागाकर्ती

काका, अगदी तेच होतं! 'नोमोडसेट' काढलं, स्क्रीन काळी पडली नाही. आता 'व्हीजीए-१ कनेक्टेड' दिसतं, पान सरकवताना अडखळत नाही, व्हिडिओही चालतो. पण रिझोल्यूशन अजून १०२४ बाय ७६८ वरच थांबतं, त्याखाली ८०० बाय ६०० आणि ६४० बाय ४८०. मोडलाइन आता घेतली, पण 'सीव्हीटी' १३६६ मागितलं तरी १३६८च देतं. अक्षरांचा आकार सुधारला, तरी कडा अजून पुसट आहेत.

प्रतिसाद २

सीव्हीटी रुंदी आठच्या पटीत धरतं, १३६६ ला आठने भाग जात नाही, म्हणून १३६८. त्या वाटेने जाऊच नका, कारण मूळ दुखणं वेगळं आहे. मॉनिटर स्वतःची ओळख ईडीआयडी म्हणून कॉम्प्युटरला पाठवतो. ती आली नाही की ड्रायव्हर सुरक्षित म्हणून १०२४ बाय ७६८ पर्यंतच जातो.

मला तुमच्या लांब केबलचा संशय येऊन राहिला आहे. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून ही ओळख येते. स्वस्त केबलमध्ये त्या तारा कधीकधी घातलेल्याच नसतात. चित्र येतं, त्यामुळे केबलकडे कुणाचं लक्ष जात नाही. (९ क्रमांकाची पिन नसेल तर काळजी नको, ती पुष्कळ केबलींत नसतेच.)

'सिस', 'क्लास', 'डीआरएम' या फोल्डरांत तुमच्या व्हीजीए-१ चं फोल्डर आहे, त्यातली 'ईडीआयडी' फाइल 'कॅट' करून 'डब्ल्यूसी -सी'ला (बाइट मोजणारी कमांड) द्या. आकडा शून्य आला तर जुनी आखूड केबल लावून परत बघा, निदान १२८ यायला हवेत. आले तर तीच फाइल जपून ठेवा. पुढे लांब केबल ठेवायचीच असेल तर ती 'लिब'मधल्या 'फर्मवेअर'च्या 'ईडीआयडी' फोल्डरमध्ये टाकून ग्रबमधून 'डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर' या पर्यायाने देता येते.

धागाकर्ती

लांब केबलवर शून्य. आखूड केबलवर १२८! एकही कमांड न देता १३६६ बाय ७६८ आपोआप आलं. फाइल जपून ठेवली आणि लांब केबलवर तो ग्रबचा उपायही करून पाहिला. रिझोल्यूशन बरोबर येतं, पण त्या केबलवर प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे फिकट सावली पडते. 'ण'च्या दांड्याला सावली लागली की बाबा डोळे बारीक करतात. म्हणून केबल काढून टाकली आणि टेबलच कूलरपासून लांब, सीपीयूच्या कोपऱ्यात नेलं. मॉनिटरचं ऑटो अ‍ॅडजस्ट बटण एकदा दाबल्यावर कडाही स्वच्छ झाल्या.

दोघांचेही मनापासून आभार. एप्रिलपासून लिहिलेली सगळी पानं बाबांनी तपासायला घेतली आहेत. आज सकाळी पहिल्याच पानावर 'न'च्या जागी 'ण' पडलेले तीन शब्द सापडले.