एमा लॅझरस: सेवा मोठी की सुनीत?

पाणवठा: १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला, रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि जीव वाचवून निघालेली कुटुंबे न्यूयॉर्कला येऊ लागली. तिथल्या सधन ज्यू घराण्यातली कवयित्री एमा लॅझरस वॉर्ड्‌स बेटावर जाऊन या निर्वासितांना भेटली आणि त्यांच्यासाठी झटली. त्यांच्या हाती कसब यावे म्हणून निघालेल्या तंत्रशाळेमागेही ती होती. १८८३ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या चौथऱ्याच्या निधीसाठी कविता मागितली गेली, तेव्हा ‘सांगून कविता होत नाही’ म्हणून तिने आधी नकार दिला. बेटावरच्या माणसांची आठवण करून दिल्यावर मात्र ‘द न्यू कोलोसस’ हे सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, लिहिले. फ्रेंचांनी स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून दिलेल्या पुतळ्याला तिने निर्वासितांची आई केले. माझ्या मते हे काम तिच्या साऱ्या सेवेहून मोठे आहे.

कोरा कागद: मला हे पटत नाही. १८८६ च्या अनावरणात ही कविता वाचलीसुद्धा गेली नाही, आणि १९०३ मध्ये ती कांस्यपटावर कोरून चौथऱ्याच्या आत लावली गेली, तेव्हा एमाला जाऊन पंधरा वर्षे उलटून गेली होती. तोवर उपयोगी पडली ती शाळाच. शिवाय ज्या दाराशी कवितेतली देवी दिवा धरते, ते चिनी मजुरांना १८८२ च्या कायद्याने बंद झालेले होते. त्याबद्दल सुनीतात एक अक्षर नाही. आणि ज्यांच्यासाठी एमा झटली, त्यांनाच ती ‘दीनवाणा गाळ’ म्हणते, हे मला फार खुपते.

सायली_न्यूजर्सी: चिनी मजुरांबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. ‘गाळ’ मात्र पूर्ण ओळीत वाचावा: तो ‘तुमच्या गजबजलेल्या किनाऱ्याचा’ आहे, म्हणजे ज्या देशांनी या माणसांना टाकून दिले त्यांच्या लेखी. मी दर शनिवारी नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवते. अर्जातला ‘कायमचा पत्ता’ हा रकाना आला की वर्गातल्या एक आजी पेन खाली ठेवतात. अशा माणसांना ‘या’ म्हणणारी ओळ त्या चौथऱ्यात आहे, याचे मोल मला रोज कळते.

कोरा कागद: ती ओळ त्या आजींना वाचून दाखवाल का?

सायली_न्यूजर्सी: गेल्या हिवाळ्यात दाखवली. ‘थकलेले’ या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली आणि दोन ओळींनंतरच्या ‘गाळ’ शब्दाचा अर्थ विचारला. तो मला त्यांना सांगवला नाही.