मदत हवी आहे: लेपर्ड गेकोने खाणं सोडलंय, इंदूरच्या थंडीत काय करावं?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे एक लेपर्ड गेको राहायला आली आहे. म्हणजे पाळीव पालच, पण भिंतीवर चढत नाही आणि तिला पापण्या आहेत. भाच्याला बंगळुरूला नोकरी लागली, तिथल्या घरमालकाने प्राणी चालणार नाही म्हणून सांगितलं, आणि टाकीसकट ही बाई सुदामा नगरला आमच्या घरी. माझा अनुभव कुत्र्यामांजरांचा. यजमान तटस्थ आहेत. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "ही चुकचुकते का?" सहसा नाही म्हटल्यावर त्यांचा निम्मा विरोध मावळला.

अडचण अशी की मावठा पडून गेल्यापासून ती काही खात नाही. भाच्याकडे एक दिवसाआड सुपरवर्म खायची. इथे अळी नाकासमोर वळवळली तरी बघते आणि तोंड फिरवते. दिवसभर करवंटीखाली पडून असते, रात्री थोडी फिरते.

टाकी काचेची, दोन फूट लांब. तळाला बारीक वाळू. वरून एक लाल बल्ब, तो रात्रभर चालू असतो. काचेला चिकटवलेलं थर्मामीटर पहाटे १७ दाखवतं, बल्बखाली २४ पर्यंत जातं. वय दोन वर्षांच्या आसपास, वजन ५८ ग्रॅम (स्वयंपाकघरातला काटा आता कायमचा तिचा झाला आहे). शेपूट जाड आहे. शी झाली ती तपकिरी आणि एका टोकाला पांढरी होती.

हे थंडीमुळे आहे की नव्या जागेमुळे? सासूबाईंचा कंबर शेकायचा पॅड टाकीखाली ठेवला तर चालेल का? भाच्याचा मित्र म्हणतो घरातली झुरळं द्या, ताजं खाद्य. आणि इंदुरात पालींचे डॉक्टर कुठे असतात? जवळच्या दवाखान्यात "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो" असं उत्तर मिळालं.

प्रतिसाद, कोरडे_पान (पुणे):

ताई, आधी घाबरू नका. शेपूट जाड आहे ना? तिची चरबी तिथेच साठवलेली असते. मोठी, धडधाकट गेको काही आठवडे न खाता काढू शकते. पिल्लू असतं तर मी वेगळं बोललो असतो. वजन आठवड्यातून एकदा लिहून ठेवा, रोज नको. शेपूट बारीक व्हायला लागली किंवा वजन सलग उतरत गेलं, तर मग काळजी करू.

कारण बहुतेक थंडीच. हे प्राणी अंगात ऊब तयार करत नाहीत, ती बाहेरून घेतात. पोटाला ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, म्हणून ती स्वतःच खाणं थांबवते. त्यामुळे जबरदस्तीने भरवू नका. आधी टाकी गरम करा, दोन दिवस जाऊ द्या, मग अळी दाखवा.

टाकीचा साधारण एक तृतीयांश भाग उबदार हवा, जमिनीवर ३१ ते ३३ अंश. दुसरं टोक २५ च्या आसपास, म्हणजे तिला नको वाटेल तेव्हा ती सरकू शकते. दोन्हीकडे लपायला जागा द्या, नाहीतर भीती आणि ऊब यांतून एक निवडायची वेळ तिच्यावर येते. काचेवरचं थर्मामीटर हवेचा आकडा सांगतं, तिच्या पोटाखालचा नाही. तारेला सेन्सर असलेलं साधं डिजिटल थर्मामीटर घ्या आणि सेन्सर जमिनीवर ठेवा.

कंबरेचा पॅड अजिबात नको. काही पॅड ठरावीक वेळाने आपोआप बंद होतात आणि पहाटे नेमक्या वेळी टाकी गार पडते. जे बंद होत नाहीत ते पोट भाजण्याइतके तापू शकतात. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची हीट मॅट ऑनलाइन मिळते, पण थर्मोस्टॅटशिवाय ती लावू नका. पैसे वाचवायचे असतील तर टाकीच्या सजावटीत वाचवा, थर्मोस्टॅटमध्ये नाही. लाल बल्ब रात्री बंद करा, तिला अंधार लागतो.

वाळू काढा. अळीवर झडप घालताना वाळू पोटात जाते आणि आतडं तुंबू शकतं. तूर्त वर्तमानपत्र किंवा किचन टॉवेल अंथरा, शी पण लगेच दिसेल. एका डब्याला भोक पाडून आत ओला टिश्यू ठेवा, कात टाकताना तिथे जाऊन बसेल. कात ती स्वतःच खाते, ते बघून दचकू नका. मात्र बोटांवर कातीचे कडे राहिले तर रक्त अडून बोट जातं, तेवढं तपासा.

घरातली झुरळं नकोत. कुठल्या घरात फवारणी झाली आहे ते झुरळ सांगत नाही. मीलवर्म गव्हाच्या कोंड्यात घरीच वाढतात, गाजराचा तुकडा टाकला की पाण्याचीही सोय होते (सासूबाईंना डबा दाखवू नका). अळ्यांवर कॅल्शियमची भुकटी, त्यात डी३ असलेली, भुरभुरायची. नाहीतर हाडं मऊ पडतात. रातकिडे दिले तर उरलेले रात्री टाकीत सोडू नका, झोपलेल्या गेकोला चावतात.

प्रतिसाद, महूकर:

महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघणारं कोणी आहे का विचारा. उगाच थंडीत तिला घेऊन जाऊ नका. जावंच लागलं तर थर्माकोलच्या खोक्यात, कोमट पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून. शी येणं बंद झालं, पोटावर गडद डाग दिसला, ती कुंथायला लागली किंवा खाल्लेलं उलटून टाकलं, तर थांबू नका.

एक शंका. भाच्याने ती घेतली कुठून? आपल्या सातपुड्यातही लेपर्ड गेको आहे, २०१४ साली तिचं वेगळी जात म्हणून वर्णन झालं. पकडलेली रानटी असेल तर ती ठेवणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, वन विभागाशी बोलावं लागेल. फिकट पिवळी, जवळजवळ ठिपके नसलेली असेल तर बहुतेक पैदास केलेली.

आणि हात धुवा, ताई. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. टाकी, भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. घरात लहान मूल असेल तर आणखी जपा.

धागाकर्ती:

कोरडे_पान, महूकर, दोघांचेही आभार. वाळू काढली, बल्ब रात्री बंद, काटा वेगळ्या कपाटात. रंग लिंबासारखा पिवळा, अंगावर जेमतेम ठिपके, आणि भाच्याकडे पैदास करणाऱ्याची पावती आहे. मॅट आणि थर्मोस्टॅट आले. उबदार टोकाला आता ३२ आहे. काल रात्री एक अळी खाल्ली, दुसरीकडे नुसतं बघितलं. सासूबाई जाता-येता "खाल्लं का तिने?" विचारतात, पण टाकीच्या तीन फूट अलीकडूनच.

एवढं सांगा, थर्मोस्टॅटचा सेन्सर काचेखाली मॅटवर लावायचा की आत? आणि रात्री वीज गेली तर?

प्रतिसाद, कोरडे_पान:

काचेखाली, मॅटला चिकटवून. आत ठेवलात तर ती तो ओढून काढेल आणि मॅट तापत राहील. आतला आकडा वेगळ्या थर्मामीटरवर बघा आणि त्याप्रमाणे थर्मोस्टॅट दोनेक अंश वर-खाली करा. वीज गेली तर टाकीवर जाड चादर टाका, थोडी हवा खेळती ठेवून. काही तासांनी तिला काही होत नाही. पण त्या रात्री खायला घालू नका.